पोटातील व्रण : दोष ठेच्याचा किती आणि गोळ्यांचा किती?

आपल्या वऱ्हाडात कुणाचे पोट जळते म्हटले की पहिला दोष मिरचीच्या ठेच्याला जातो. दुसरा दोष जातो 'टेन्शन'ला. मग घरातले वडीलधारे सांगतात, 'थंड दूध पी.' शेजारी सांगतो, 'खायचा सोडा घे.' मेडिकलवाला न विचारता गॅसच्या गोळ्यांची पट्टी पुढे करतो. दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे महिने जातात, कधी कधी वर्षेही जातात. एखाद्या दिवशी शौच डांबरासारखी काळी होते, चक्कर येते. मग तालुक्याहून अमरावती किंवा अकोल्याला धाव घ्यावी लागते. तोपर्यंत पोटातील व्रणातून बरेच रक्त वाहून गेलेले असते.

पोटातील व्रण, म्हणजे ज्याला आपण सर्रास अल्सर म्हणतो, हा आज पूर्ण बरा होणारा आजार आहे. तरीही त्याच्यापायी माणसे दगावतात, मजुरी बुडते, कर्ज होते. त्याचे मुख्य कारण गैरसमज हेच आहे. म्हणून या अंकाच्या आरोग्य पानावर आम्ही हा विषय थोडा सविस्तर घेतला आहे. काय खावे, काय टाळावे हे तर सांगणार आहोतच. पण नुसत्या पथ्याने व्रण का बरा होत नाही, हे आधी समजून घेणे गरजेचे आहे.

अल्सर म्हणजे नेमके काय?

आपल्या जठरात अन्न पचवण्यासाठी तीव्र आम्ल तयार होते. जेवणातले मांस पचवणारे हे आम्ल आपले स्वतःचे जठर का जाळत नाही? कारण जठराच्या आतल्या बाजूला चिकट पदार्थाचा एक थर असतो. तो थर आणि त्याखालचा रक्तपुरवठा मिळून आतील अस्तराचे रक्षण करतात. हे संरक्षण कुठे कमजोर पडले की आम्ल तेवढ्याच जागी अस्तर खाऊ लागते आणि जखम होते. ही जखम म्हणजे व्रण. तो जठरात होतो किंवा जठराच्या पुढे लहान आतड्याचा जो पहिला भाग असतो, त्याच्यात होतो.

साधी 'अ‍ॅसिडिटी' आणि व्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवण जास्त झाले, जागरण झाले, की छातीत जळजळ होते आणि ती निघूनही जाते. व्रण मात्र प्रत्यक्ष जखम असते. ती भरून यायला वेळ लागतो आणि जखम होण्याचे कारण दूर केले नाही तर ती पुन्हा पुन्हा होते.

दोन खरी कारणे

फार वर्षे जगभरातल्या डॉक्टरांचीही समजूत होती की अल्सर हा मानसिक ताण, तिखट खाणे आणि जास्तीचे आम्ल यांमुळेच होतो. रुग्णांना महिनोन्‌महिने दूध-साय आणि बेचव अन्नावर ठेवले जाई. अनेकांच्या जठराचा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकावा लागे.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात डॉ. रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जिवाणू दिसू लागले. त्यांच्यासोबत डॉ. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांनी काम सुरू केले. हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न फसत होते. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्ट्यांमुळे तबकड्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यात हे जिवाणू वाढलेले आढळले. त्यांना आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. एवढ्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाही, असे म्हणून बहुतेक तज्ज्ञांनी त्यांचे ऐकले नाही. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी हे जिवाणू स्वतः पिऊन पाहिले. काही दिवसांतच त्यांना उलट्या सुरू झाल्या. तपासणीत जठराला सूज आलेली दिसली आणि तिथे तेच जिवाणू सापडले. २००५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

ऐकीव, परंपरेने चालत आलेले किंवा मोठ्या माणसाने सांगितलेले म्हणून काही खरे मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही कालाम सुत्तातील शिकवण आपल्या वाचकांना नवी नाही. अल्सरची गोष्ट हे तिचे अलीकडचे एक चांगले उदाहरण आहे.

भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जिवाणू असतो. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या घरात लागतो. पण ज्यांच्या पोटात तो आहे त्या सगळ्यांना अल्सर होत नाही. शंभरातील साधारण दहा ते वीस जणांना आयुष्यात कधीतरी होतो. हा जिवाणू वर्षानुवर्षे राहिल्यास जठराच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याची नोंद कर्करोगकारक म्हणून केली आहे.

दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. याबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते, म्हणून आम्ही त्यावर वेगळे लिहीत आहोत.

'वाताची गोळी' आणि आपण

दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणी सुरू होते. दिवसभर वाकून बोंडे वेचायची, ओटी भरायची, वजन डोक्यावर घ्यायचे. संध्याकाळी कंबर आणि गुडघे धरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात जायचे असते, कारण मजुरी किलोवर मिळते. मग किराणा दुकानातून किंवा मेडिकलमधून एक गोळी घेतली जाते. कुणी तिला 'वाताची' म्हणतो, कुणी 'अंगदुखीची', कुणी नुसते 'लाल गोळी दे' म्हणतो. बांधकामावरचे मजूर, हमाल, जिनिंगमधले कामगार, शिलाई करणाऱ्या बहिणी, सर्वांची हीच कथा आहे.

या गोळ्यांत बहुधा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड किंवा अ‍ॅस्पिरिन असते. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान ही त्यातली ओळखीची नावे. शरीरात दुखणे आणि सूज निर्माण करणारी काही द्रव्ये असतात, त्यांची निर्मिती ही औषधे रोखतात. पण त्याच जातीची द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात. त्यामुळे गुडघ्याचे दुखणे थांबते आणि जठर उघडे पडते. अनेकांना वाटते की गोळी भरल्या पोटी घेतली की धोका नाही. भरल्या पोटी घेतल्याने जळजळ कमी वाटते, पण धोका जात नाही. कारण औषध रक्तातून जाऊनही जठरावर हाच परिणाम करते. म्हणूनच याच औषधाचे इंजेक्शन घेतले तरी जठर सुटत नाही.

आणखी एक सावधगिरी. बाजारात, यात्रेत, कधी घरोघरी फिरून गुडघेदुखीच्या विना-लेबल पुड्या विकल्या जातात. 'जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही' असे सांगितले जाते. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेले असल्याचे प्रकार देशात अनेकदा उघड झाले आहेत. ही दोन्ही एकत्र घेतली तर व्रणाचा आणि रक्तस्रावाचा धोका कितीतरी वाढतो. ज्या पुडीवर काय आहे हे लिहिलेले नाही, ती घेऊ नये.

मग दुखल्यावर करायचे काय? साध्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल जठराला तुलनेने सुरक्षित आहे. तेही ठरलेल्या मात्रेतच घ्यावे. यकृताचा आजार असेल किंवा दारूचे व्यसन असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. शेक, मालीश, कामात मध्ये मध्ये पाठ सरळ करणे यांचाही उपयोग होतो. वेदनाशामक गोळी रोज लागतच असेल, तर सोबत जठराला संरक्षण देणारी गोळी हवी का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. हृदयविकारासाठी किंवा लकव्यानंतर अ‍ॅस्पिरिन सुरू असेल तर हा लेख वाचून ती आपल्या मनाने बंद करू नका. तसे करणे जिवावर बेतू शकते.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

विदर्भात सिकलसेल हा आजार अनेक आदिवासी जमातींत, तसाच अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही आढळतो. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांना तो चांगलाच परिचित आहे. या रुग्णांना हाडा-सांध्यांतील असह्य वेदनांचे झटके येतात आणि वेदनाशामक औषधे त्यांच्या घरात कायमच असतात. म्हणून व्रणाबाबत त्यांनी दुप्पट सावध राहायला हवे.

पहिली गोष्ट, त्यांचे हिमोग्लोबिन आधीच कमी असते. व्रणातून रोज थोडे थोडे रक्त गेले तरी ते त्यांना फार जड जाते. नेहमीपेक्षा जास्त थकवा, दम, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू पांढरी दिसणे याला 'सिकलसेलचेच आहे' म्हणून सोडून देऊ नये. दुसरी गोष्ट, त्यांच्या पोटदुखीची कारणे अनेक असू शकतात. पित्ताशयातील खडे या रुग्णांत नेहमी आढळतात आणि वेदनेचा झटका पोटातही येतो. म्हणून दरवेळी अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन घरी थांबू नये. तिसरी गोष्ट, कोणती वेदनाशामक गोळी, किती दिवस घेतली, हे एका वहीत लिहून ठेवावे आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवावे.

लक्षणे कशी ओळखावी?

बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली खड्डा असतो. तिथे जळजळ, टोचणे, कुरतडल्यासारखे दुखणे हे मुख्य लक्षण. लहान आतड्यातील व्रण असेल तर पोट रिकामे झाल्यावर, जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री दुखून जाग येते आणि काही खाल्ले की बरे वाटते. जठरातील व्रण असेल तर अनेकदा जेवल्यावर दुखणे वाढते, त्यामुळे माणूस खायला घाबरतो आणि वाळत जातो. पोट फुगणे, ढेकर, मळमळ ही लक्षणेही असतात. हे नियम सर्वांना तंतोतंत लागू पडत नाहीत. विशेषतः वेदनाशामक घेणाऱ्या वयस्क माणसांत दुखण्याशिवायच व्रण वाढतो आणि पहिले लक्षण थेट रक्तस्रावाचे असते.

खालीलपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा :

– डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण ती अशी चिकट आणि उग्र वासाची नसते.
– उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा तपकिरी पदार्थ.
– अचानक, सुरी खुपसल्यासारखी वेदना आणि पोट लाकडासारखे घट्ट होणे. व्रण आरपार फुटल्याची ही खूण आहे. अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो. पाणीसुद्धा न पाजता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.
– उभे राहताच चक्कर, घाम, थंड हातपाय.

आणि ही लक्षणे असतील तर काही दिवसांत तपासणी करून घ्यावी : वजन घटणे, गिळायला त्रास, वारंवार उलट्या, खाल्लेले अन्न तासन्‌तास पोटात साचून राहणे, न समजणारी रक्तक्षीणता, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली पोटदुखी.

एक इशारा वेगळा द्यायला हवा. छातीत जळजळ होऊन सोबत घाम येत असेल, दम लागत असेल, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, तर ती अ‍ॅसिडिटी समजू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. सोडा पिऊन वाट पाहण्यात अनेकांचा जीव गेला आहे.

तपासणी आणि उपचार

तोंडातून बारीक नळी टाकून दुर्बिणीने जठर आतून पाहतात. तिलाच एंडोस्कोपी म्हणतात. लोक तिला फार घाबरतात. प्रत्यक्षात ती काही मिनिटांत होते आणि घशाला बधिर करणारे औषध दिले जाते. व्रण कुठे आहे, किती खोल आहे हे तिच्यात दिसते. लहानसा तुकडा घेऊन जिवाणू आहे का आणि कर्करोगाची शंका आहे का, हेही तपासता येते. एंडोस्कोपी नसली तरी शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीतून जिवाणू कळतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या तपासण्या चुकीने 'नाही' दाखवू शकतात. त्यामुळे आधी दोन आठवडे त्या बंद ठेवाव्या लागतात. आपण कोणत्या गोळ्या घेत आहोत हे म्हणूनच लपवू नये.

जिवाणू सापडला तर आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन किंवा अधिक प्रतिजैविके एकत्र दिली जातात. हा कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो. गोळ्या पुष्कळ असतात, तोंड कडवट होते, कधी जुलाब होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पोट दुखणे थांबते आणि इथेच आपण चुकतो. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या की अर्धवट मेलेला जिवाणू त्या औषधांना दाद देईनासा होतो. आपल्या देशात यातील काही प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू आधीच पुष्कळ आहेत. म्हणून १४ दिवस म्हणजे १४ दिवस. कोर्समध्ये बिस्मथ असेल तर जीभ आणि शौच काळी होते, त्याला घाबरू नये. कोर्स संपून किमान चार आठवडे झाल्यावर जिवाणू गेला का, याची तपासणी पुन्हा करून घ्यावी.

आम्ल कमी करणारी पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांसारखी गोळी सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. जेवून झाल्यावर घेतली तर तिचा परिणाम कमी होतो. व्रण भरण्यासाठी ती साधारण चार ते आठ आठवडे देतात. पण पॅन-डीची पट्टी वर्षानुवर्षे खिशात ठेवून आपल्या मनाने घेत राहणे चांगले नाही. तिच्याने दुखणे झाकले जाते आणि जठराचा एखादा गंभीर आजार उशिरा लक्षात येतो.

खर्चाची भीती अनेकांना दवाखान्यापासून दूर ठेवते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे जुन्या माणसांचे इर्विन, आहे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. अल्सर फुटून शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यावे आणि दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटावे.

आहार : आपले जुने ताट काय सांगते?

आता ठेच्याकडे येऊ. मिरचीमुळे अल्सर होतो, हे सिद्ध झालेले नाही. पण जखम असताना तिखटाने आग होते, हा अनुभव खराच आहे. म्हणून व्रण भरेपर्यंत ठेचा, तर्री, झणझणीत रस्सा, तळलेले आलूबोंडे बाजूला ठेवावेत. बरे झाल्यावर सोसेल तेवढे खावे. ज्याने त्रास होतो ते टाळायचे, हा साधा नियम आहे. सगळ्यांसाठी एकच लांबलचक निषेधाची यादी करण्यात अर्थ नाही. उलट फार पथ्य करून माणूस अशक्त होतो.

भारतात अल्सर आणि आहार यांचा संबंध फार पूर्वीच अभ्यासला गेला आहे. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६० च्या दशकात दाखवले की भात खाणाऱ्या दक्षिणेकडील कामगारांत अल्सर जास्त आढळतो आणि चपाती खाणाऱ्या उत्तरेकडील कामगारांत कमी. चावून खाण्याने लाळ अन्नात जास्त मिसळते, हे त्यामागचे एक कारण असावे असे त्यांना वाटले. म्हैसूरच्या मिशन रुग्णालयात अनेक वर्षे काम केलेले इंग्लिश शल्यचिकित्सक डॉ. फ्रँक टोवी यांनीही देशभरातील माहिती गोळा केली. पॉलिश केलेला तांदूळ मुख्य अन्न असलेल्या भागांत अल्सर जास्त, तर कोंड्यासह गहू, काही भरडधान्ये आणि डाळी खाणाऱ्या भागांत कमी, असे चित्र त्यांना दिसले. तेव्हा जिवाणूचा शोध लागलेला नव्हता. आज आपण म्हणू शकतो की जिवाणू मूळ कारण असला, तरी कोंडा असलेले आणि चावून खाल्लेले अन्न जठराला मदत करत असावे.

वऱ्हाडाचे जुने ताट पाहा. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालक-चवळीची डाळभाजी, ताकातल्या कण्या, जवसाची चटणी. शेतात सोयाबीन वाढले, ज्वारी कमी झाली आणि भाकरीच्या जागी गव्हाची पोळी, रेशनचा तांदूळ, बेकरीचे टोस्ट-खारी आले. व्रणाच्या रुग्णाने ज्वारीकडे परत वळावे, असे आम्ही नक्की सुचवू. पण ज्वारीने अल्सर बरा होतो, असे मात्र कुणी समजू नये.

दिवसाचे खाणे साधारण असे ठेवता येईल :

सकाळी : उपाशीपोटी काळा चहा नको. आधी अर्धी भाकर, पोहे, उपमा किंवा एक केळ खावे. त्यानंतर चहा घ्यायचाच तर कमी पत्तीचा आणि एकदाच.

शेतात किंवा कामावर जाताना : शिदोरी सोबत हवीच. सकाळी सातला निघालेली बाई दुपारी दोनपर्यंत उपाशी राहते, हे थांबले पाहिजे. भाकर, डाळभाजी, मूठभर भिजवलेले शेंगदाणे किंवा उकडलेला हरभरा चालेल. ताजे, आंबट नसलेले ताकही चांगले.

दुपारी : भाकर किंवा कोंड्यासह पोळी, वरण, दोडके, दुधी, कोहळे, पालक यांपैकी एखादी भाजी. मांसाहार चालतो, पण तेल-मसाला कमी असावा. अंडे उकडून खावे.

संध्याकाळी : पपई, केळी, सोसत असेल तर मोसंबी. वरूड-मोर्शीची संत्री आपल्या घरची, पण जखम ताजी असताना आंबट फळाने जळजळ होते. त्यामुळे काही आठवडे बेताने खावी.

रात्री : मुगाची खिचडी किंवा भाकर-भाजी. जेवण आठच्या आत व्हावे आणि त्यानंतर दोन तास तरी आडवे होऊ नये.

प्रत्येक घास चावून खावा. एकदम पोटभर खाण्यापेक्षा थोडे थोडे तीन-चार वेळा खाणे बरे.

दुधाबद्दल स्पष्ट सांगायला हवे. थंड दुधाने काही मिनिटे आराम पडतो. पण दुधातील कॅल्शियम आणि प्रथिनांमुळे पुढे आम्ल जास्तच तयार होते. दूध अन्न म्हणून प्यावे, औषध म्हणून दर दोन तासांनी पिऊ नये. खायच्या सोड्याने पोटात वायू होतो आणि शरीरात मिठाचा अंश वाढतो. रक्तदाब असलेल्यांना तो अपायकारक आहे.

उपोसथ आणि उपवास

वर्षावासात अनेक उपासक-उपासिका अष्टशील पाळतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. निरोगी माणसाला त्याचा त्रास होत नाही. पण ज्यांचा व्रण ताजा आहे, किंवा ज्यांना सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्यायच्या आहेत, त्यांनी बरे होईपर्यंत विकाल भोजनाचा नियम स्वतःवर लादू नये. विनयपिटकात आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ यांची दुपारनंतरही मोकळीक दिलेली आहे. भिक्खूंसाठी जी सवलत आहे, ती घरी राहणाऱ्या आजारी उपासिकेला नाकारण्याचे काहीच कारण नाही. औषधाची वेळ चुकवून शील पाळले, असे होत नाही.

खर्रा, दारू आणि झोप

तंबाखूमुळे व्रण भरायला वेळ लागतो आणि बरा झालेला व्रण पुन्हा उलटतो. विडी-सिगारेटबाबत हे पक्के सिद्ध झाले आहे. आपल्याकडे मात्र सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा दिवसभर गालात असतो. अनेक जण तो सकाळी उपाशीपोटी, चहासोबत सुरू करतात आणि भूक मारण्यासाठी वापरतात. जेवण चुकते ते तिथूनच. खऱ्र्याने तोंडाचा कर्करोग होतो हे सर्वांना ठाऊक आहे. पोटाची जखम भरायची असेल तर तो सोडण्याला पर्याय नाही. एकदम जमत नसेल तर आधी सकाळचा उपाशीपोटीचा खर्रा बंद करावा, मग दिवसाची संख्या ठरवून कमी करावी आणि शासकीय रुग्णालयात तंबाखूमुक्तीचे समुपदेशन मागावे.

दारू जठराच्या अस्तराला थेट इजा करते. दारू आणि वेदनाशामक गोळी एकत्र आली की रक्तस्रावाचा धोका फार वाढतो. अंगदुखीसाठी गोळी आणि थकवा जावा म्हणून संध्याकाळी देशी, ही जोडी आपल्या वस्त्यांत अनेक घरे बसवून गेली आहे. जिवाणूवरच्या काही औषधांसोबत दारू घेतली तर उलट्या आणि धडधड होते. पाचवे शील आपण वंदनेत रोज म्हणतो. व्रणाच्या रुग्णासाठी ते औषधाच्या चिठ्ठीचाच भाग आहे.

मानसिक ताण हे व्रणाचे मुख्य कारण आहे, असे आता मानले जात नाही. पण कर्ज, नापिकी, मुलांचे शिक्षण यांच्या काळजीने झोप उडते, जेवण चुकते, खर्रा वाढतो आणि दुखणेही जास्त जाणवते. रात्री सहा-सात तास झोप आणि रोज थोडे चालणे यांनी फरक पडतो. ज्यांना आनापान ध्यानाची सवय आहे, त्यांनी ते चालू ठेवावे. मात्र ते गोळ्यांच्या जागी नको, गोळ्यांच्या सोबत असावे.

घरात जिवाणू पसरू नये म्हणून

हा जिवाणू मुख्यतः कुटुंबातच एकाकडून दुसऱ्याकडे जातो. लाळ, उलटी आणि शौच यांच्या वाटे तो पसरतो. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवावेत. लहान बाळाला आपल्या तोंडात चावलेला घास भरवू नये. दात घासण्याचे ब्रश वेगळे ठेवावेत. पाणी झाकून, शक्य तर उकळून प्यावे आणि भांड्यात हात न बुडवता ओगराळ्याने काढावे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात गोडे पाणी बरेच दिवस साठवून वापरावे लागते. तिथे साठवणुकीची भांडी स्वच्छ ठेवणे अधिकच गरजेचे आहे.

वाचकहो, हा लेख घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. रमाई महिला मंडळाची बैठक असो, बुद्धविहारातील रविवारची वंदना असो, तिथे दहा मिनिटे या विषयाला द्या आणि तीन प्रश्न विचारा. अंगदुखीची गोळी आठवड्यातून किती वेळा घेता? शौच कधी काळी झाली होती का? गॅसच्या गोळ्या किती महिन्यांपासून चालू आहेत? ज्यांची उत्तरे काळजी वाटावी अशी असतील, त्यांना कुणीतरी सोबत करून या आठवड्यातच दवाखान्यात न्यावे. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात.